‘मशीन गेलं’ म्हणण्याआधी

वाचकांचे प्रश्न : संगणक, मोबाइल आणि लिनक्स

या वेळच्या टपालात ‘मशीन गेलं’ हे शब्द इतक्या पत्रांत आले, की उत्तरांना हात घालण्याआधी त्यावर दोन वाक्यं बोलायला हवीत. एका महाविद्यालयाचा संगणक कक्ष मी बावीस वर्षं सांभाळला. दारातून आत येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुधा हेच असायचं. पण मशीन क्वचितच एकदम जातं. त्यातला एखादा भाग थकतो आणि त्याच्यापायी बाकीचे सगळे बदनाम होतात. तो भाग शोधण्यासाठी माझ्या टेबलावर एक वही असायची. तारीख, लक्षण, मी काय बदललं, त्याने काय झालं, एवढंच त्यात लिहायचं. आणि एका वेळी एकच बदल करायचा. खालच्या उत्तरांत मी तुम्हालाही तेच करायला सांगणार आहे.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट थांबले आणि ‘या मशीनवर विंडोज ११ चालणार नाही’ असा संदेश येतो. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. मुलगा म्हणतो, टाकून दे. मी लेख लिहिते, मेल बघते, व्याख्यानं ऐकते आणि कधीतरी प्रिंट काढते. लिनक्सबद्दल ऐकून आहे, पण या वयात सगळं नव्याने शिकायची धास्ती वाटते.
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : टाकू नका. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या आधी सुट्या करू.

पहिली तक्रार अपडेटची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन त्या यादीत बसत नाही, म्हणून तो संदेश. मशीनला काम जमत नाही असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी तक्रार वेगाची, आणि तिचं कारण जवळजवळ नक्की हार्ड डिस्क आहे. एक पाहणी करा. लॅपटॉप सुरू केला की कडेला डिस्कचा बारीक दिवा असतो, तो बघत बसा. तुम्ही काहीच करत नसताना तो पाच मिनिटं सलग पेटलेला राहिला, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. दिवा नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या खाली सतत शंभर टक्के दिसतं का बघा. लॅपटॉपमधली फिरती डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे मारते. प्रत्येक तुकडा वाचायला तिची सुई जागेवर सरकावी लागते आणि तबकडी तिथपर्यंत फिरून यावी लागते. सेकंदाला अशा शंभरेक जागा गाठता आल्या तरी पुष्कळ. एसएसडी ही चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क. तीत फिरणारं काहीच नसतं, ती सेकंदाला हजारो जागा वाचते. सुरुवातीला शेकडो लहान फाइली उघडाव्या लागतात, म्हणून फरक तिथेच डोळ्यांत भरतो. मी कक्षातल्या जुन्या मशीनमध्ये फक्त डिस्क बदलली, आणि मुलांनी येऊन विचारलं, नवीन संगणक आले का?

तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा. या वयाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते आणि त्याच मापाची, त्याच जोडणीची एसएसडी तिथे बसते. रॅम चारची आठ करता आली तर उत्तम. मात्र आत डीडीआर३ आहे की डीडीआर४ (या रॅमच्या दोन पिढ्या) ते पट्टीवरचं वाचून मगच घ्या, दोघींची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसरीत बसत नाही. डीडीआर३ मध्येही दीड व्होल्टची एक आणि १.३५ व्होल्टची एक असते. या दुसरीच्या नावात शेवटी ‘एल’ येतं. काही लॅपटॉपना फक्त ‘एल’वालीच चालते. उघडताना स्क्रूंकडे लक्ष द्या. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावत जा. त्यांची लांबी सारखी नसते, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला तर तो आत मदरबोर्डला भिडतो.

आता लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत कार्यप्रणाली. काहीही पुसण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आणि नवख्या माणसासाठी मला ही त्याची सगळ्यांत मोठी कृपा वाटते. मी तुम्हाला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवेन. ती हलकी आहे आणि खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू अशी ओळखीची मांडणी आहे. पेन ड्राइव्हवर ती लिहिताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामा ड्राइव्हच घ्या. त्यावरून लॅपटॉप सुरू झाला की एक दिवस नुसता वापरा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, उजेड कमी-जास्त करायच्या कळा चालतात का. आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन नीट जागं होतं का, ही खरी परीक्षा आहे. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालेल, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका. वाय-फाय मिळालं नाही तर घाबरू नका. काही वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, नंतर उतरवून घ्यावा लागतो. फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, ते बहुधा लगेच ओळखलं जातं, आणि मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

नव्याने शिकावं लागेल ते तुम्हाला वाटतं त्याहून कमी आहे. ब्राउझर तोच, मेल तीच. लेखनाला लिबरऑफिस आहे. त्यात वर्डच्या फाइली उघडतात, पण तक्ते आणि चौकटी असलेल्या फाइलींची मांडणी कधी कधी सरकते. दुसऱ्याला अंतिम मजकूर पाठवताना पीडीएफ करून पाठवत जा. सवय एकच बदलायची: सॉफ्टवेअर हवं असेल तर संकेतस्थळावरून उतरवायचं नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं. तिथून घेतलेलं सगळं एकाच बटणाने अपडेट होत राहतं. प्रिंटरचं तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. वाय-फायवर चालणारे अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळा ड्रायव्हर न मागता चालतात. जुना यूएसबीवाला असेल तर पेन ड्राइव्हवरच्या त्या एका दिवसात एक पान छापून बघा.

आणि जुनी हार्ड डिस्क काढली की ती पुसू नका. वर्षभर कपाटात राहू द्या. एखादी फाइल आणायची राहिलीच असते.

प्रश्न : मी नववीत आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, छान चाललं. पण टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड विचारल्यावर मी टाइप करतो तर काहीच उमटत नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला का?

उत्तर : नाही रे. तू टाइप केलेलं पोचतंय. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या युनिक्सच्या काळापासूनची ती पद्धत आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये म्हणून पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. नेहमीसारखा टाइप कर आणि एंटर दाब. चुकला तर पुन्हा विचारेल.

तू आपणहून टर्मिनल उघडलंस याचा मला फार आनंद झाला. पण एक वचन दे. ‘सुडो’ने सुरू होणारी, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार घेऊन चालणारी, आज्ञा कुठूनही उचलून चिकटवायची नाही, तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो हे कळल्याशिवाय. ‘मॅन’ लिहून पुढे त्या आज्ञेचं नाव दे, तिची माहिती तुझ्याच संगणकात आहे. सुरुवातीला जड जाईल. रोज एक पान वाच.

प्रश्न : बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमधून ‘टक्, टक्’ असा आवाज येतोय. त्यात दहा वर्षांचे घरचे फोटो आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. फोल्डर उघडायला खूप वेळ लागतो, काही फोटो अर्धे दिसतात. डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम चालवू का? एकाने फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं.

उत्तर : हे वाचत असताना ती जोडलेली असेल तर आधी काढा. मग पुढे वाचा.

दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू नका. तो फाइलींची मांडणी दुरुस्त करतो, डिस्कचा पत्रा नाही. त्यासाठी तो सगळीकडे फिरतो, वर लिहितोही, आणि आजारी डिस्कला नेमकं तेच झेपत नाही. फ्रीजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि तबकडी व सुई यांच्यातलं अंतर धुळीच्या कणाहूनही कमी असतं.

हे मी इतक्या जोराने का सांगते, तर माझ्या हातून हे घडलं आहे. कक्षातल्या एका डिस्कचा असाच आवाज मी शुक्रवारी ऐकला. सोमवारी नक्कल करू म्हटलं, आणि तोवर दुरुस्ती होऊन जाईल म्हणून तपासणीचा प्रोग्राम लावून घरी गेले. तीन रात्री ती बिचारी डिस्क त्याच खराब जागा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. सोमवारी ती फिरेना. तिच्यावर एका विद्यार्थिनीच्या तीन वर्षांच्या पक्षी-नोंदी होत्या. रोज पहाटे उठून केलेल्या. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मी तो सोमवार विसरलेले नाही. शुक्रवारी आधी नक्कल घेतली असती तर बहुतेक सगळं वाचलं असतं.

आता काय करायचं. आवाज सतत, एका लयीत येत असेल आणि डिस्क ओळखलीच जात नसेल, तर सुईचा भाग गेलाय. तिथे घरचा कुठलाही उपाय चालत नाही. डिस्क बंदच ठेवा आणि माहिती परत मिळवण्याचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. झाकण उघडून बघण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. पण तुमच्या पत्रावरून डिस्क अजून ओळखली जाते आणि थोडं वाचते. म्हणजे वेळ थोडा आहे, पण आहे.

तिच्यापेक्षा मोठी दुसरी डिस्क आणा. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि ‘डीडीरेस्क्यू’ हा नक्कल करणारा प्रोग्राम वापरा. साधी नक्कल वाईट जागेवर अडकली की तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी सगळ्या चांगल्या जागा उचलतो, वाईट जागा ओलांडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे अगदी शेवटी परत येतो. कुठवर आलो हे तो एका नोंदफाइलीत लिहीत जातो. म्हणून मध्येच थांबवून डिस्क गार होऊ दिली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. त्या नोंदफाइलीचं नाव आज्ञेत न विसरता द्या, आणि आजारी डिस्कवर तर ठेवूच नका. नकलेची दिशा तीनदा तपासा: कुठून, कुठे. डिस्कची नावं एकाच अक्षराने वेगळी असतात, आणि उलटी दिशा दिली तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाईल. मी डिस्कचा आकार आणि तिच्यावर छापलेला क्रमांक कागदावर लिहून, तो पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवून मगच एंटर दाबते.

पूर्ण नक्कल झाली की फाइलींची दुरुस्ती त्या नकलेवर करायची, मूळ डिस्कवर नाही. हे हाताळायची भीती वाटत असेल तर जाणकार माणसाला बोलवा, पण त्याच्यासमोर हाच क्रम ठेवा.

सगळ्याच वाचकांसाठी सांगते: डिस्क आवाज करायच्या आधीही बोलत असते. तिच्यातच तब्येतीच्या नोंदी साठतात, त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. लिनक्समध्ये डिस्क्स हा प्रोग्राम उघडून मेनूतून त्या बघता येतात. त्यातल्या दोन ओळी बघा. एक, बदली दिलेल्या जागांची संख्या (क्रमांक ५) आणि दुसरी, वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या राहिलेल्या जागांची (क्रमांक १९७). दोन्ही शून्य असाव्यात. दुसरी शून्यावरून हलली की त्याच दिवशी नक्कल घ्यायची. फक्त लक्षात ठेवा, काही डिस्का या नोंदी स्वच्छ असतानाही जातात. त्यामुळे नोंदी बघणं हा नक्कल ठेवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : नवीन डिस्कवर ५०० जीबी छापलंय, संगणक ४६५ दाखवतो. ३५ जीबी कुठे गेले?

उत्तर : कुठेही नाही. कंपनी जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून धरतो, म्हणजे १०७ कोटींहून थोडं जास्त. भागाकार करून बघा, ४६५ च येतात. लिनक्समधले बरेच प्रोग्राम पूर्ण ५०० दाखवतील, कारण ते कंपनीचंच माप वापरतात.

खरी फसवणूक वेगळी असते, आणि ती पेन ड्राइव्हमध्ये चालते. आतली चिप लहान असते आणि ती मोठा आकडा खोटाच सांगते. भरेपर्यंत काही कळत नाही, पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात. नवीन पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घेतलं की ‘एफ३’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते एकदा काठोकाठ भरा आणि परत वाचून बघा. तासभर जाईल, पण फोटो वाचतील.

प्रश्न : रोज संगणक सुरू केला की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. त्यातच आता कुठलंही संकेतस्थळ उघडलं तरी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अँटिव्हायरस काही सापडत नाही म्हणतो. विंडोज पुन्हा टाकलं तरी तेच.

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. वीज बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचं. तुमच्या संगणकाच्या मते आज त्या प्रमाणपत्राचा जन्मच झालेला नाही, म्हणून तो सावध करतो. विंडोज पुन्हा टाकून काही होणार नव्हतं, कारण घड्याळ विंडोजच्याही खाली आहे.

बॅटरी बदला. पण त्याआधी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. बॅटरी काढल्यावर तिथल्या निवडी मूळपदावर जाऊ शकतात. त्यात साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याची, पद्धत बदलली गेली तर घड्याळ सुधारेल आणि विंडोज सुरू होणार नाही, आणि मग पुन्हा कोणीतरी म्हणेल, मशीन गेलं.

प्रश्न : माझा अँड्रॉइड फोन सहा वर्षांचा आहे. शेवटचा अपडेट येऊन तीन वर्षं झाली. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मग दहा वर्षांच्या लॅपटॉपवर आजचं लिनक्स चढतं, तर सहा वर्षांच्या फोनवर आजचं अँड्रॉइड का नाही? आणि लिनेजओएस हे स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकावं का?

उत्तर : किती नेमका प्रश्न विचारलात! याचं उत्तर कळलं की पुढचा फोन कसा निवडायचा तेही कळतं.

लॅपटॉपमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा झाला की तो विचारत जातो: इथे कोण आहे? पीसीआय आणि यूएसबी या जोडण्यांवरचे भाग स्वतःची ओळख सांगतात, आणि बाकीच्यांची यादी बायोस एका ठरलेल्या साच्यात हातात देतं. म्हणून एकच पेन ड्राइव्ह वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालतो. ड्रायव्हरही बहुतेक कर्नलबरोबरच येतात आणि त्याच्याबरोबर नवे होत राहतात.

फोनमध्ये विचारायची सोय नाही. एकाच चिपमध्ये आणि तिच्या आसपास बसवलेले भाग आपणहून ओळख देत नाहीत. कर्नलला त्यांचा नकाशा आधीच लिहून द्यावा लागतो, आणि तो त्या मॉडेलपुरताच असतो. त्यात कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम यांचे ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी एका ठरावीक कर्नलसाठी तयार करते, आणि त्यांतल्या बऱ्याच भागांचा मूळ कोड उघडा नसतो. चिपवाल्या कंपनीने हात काढून घेतला की फोनवाली कंपनी अडकते. तिनेही हात काढला की तुम्ही. वर बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप. म्हणजे गाभा तोच असूनही फोनचं आयुष्य दोन कंपन्यांच्या इच्छेवर टांगलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं. चांगले चालणारे फोन यापायी बाद होतात.

परिस्थिती थोडी सुधारली आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून गूगलने चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यात स्पष्ट सीमा आखली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही अंतर्गत भाग थेट गूगल प्लेमधून अपडेट होऊ लागले. २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन मिळालं. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांआधी हे वचन विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं, आणि ती वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची. फोन बाजारात आला त्या दिवसापासून, की तुम्ही घेतला त्या दिवसापासून? दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर दोन वर्षं आधीच खर्च झालेली असतात.

तुमच्या आजच्या फोनचं. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. तीन वर्षं जुनी असेल तर त्यानंतर सापडलेल्या कर्नल आणि ड्रायव्हरमधल्या त्रुटी त्यात उघड्या आहेत. ब्राउझर आणि ॲप अजून अपडेट होत असतील तर तेवढं संरक्षण आहे, पुरेसं नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, बाहेरून उतरवलेली ॲप टाकू नका.

लिनेजओएस २०१६ च्या शेवटी सुरू झालं आणि मला त्यांच्या कामाबद्दल फार आदर आहे. पण तुमचं नेमकं मॉडेल, नावातल्या शेवटच्या अक्षरासकट, त्यांच्या अधिकृत यादीत असेल तरच हात घाला. बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. बँकांची काही ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात. चिपचे बंद भाग जुनेच राहतात, तेव्हा सुरक्षा पूर्ण नवी होते असंही नाही. हा तुमचा एकमेव फोन असेल तर माझं मत ‘नको’ असं आहे. दुसरा फोन हाताशी असेल तर जरूर करून बघा, शिकायला खूप मिळेल.

प्रश्न : फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललं गेलंय. फोन मात्र व्यवस्थित चालतो. दाबून, चिकटपट्टी लावून चालेल का?

उत्तर : नाही. आजच बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगली आहे. आतलं रसायन विघटन पावून वायू झालाय आणि त्याला बाहेर जायला वाट नाही. दाबलं, टोचलं किंवा झाकण बसवायला जोर लावला तर आतले थर एकमेकांना टेकून आग लागू शकते. पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी बदलणाऱ्या जाणकाराकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवर ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं. उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेली स्थिती, या दोन्हींनी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. तुमच्या लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

प्रश्न : लिनक्सवर आलो. दोन अडचणी. माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते. आणि ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ हे शब्द मला लिहिताच येत नाहीत, ‘दुसर्‍या’च्या जागी ‘दुसर्या’ होतं.

उत्तर : तुमच्या फाइली शाबूत आहेत. त्या काळी बऱ्याच मराठी टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाइलीत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठली आहेत, टंक लावला की ती मराठी दिसतात. तो जुना टंक जुन्या मशीनवर असेल तर शोधा, नव्यात बसवा, मजकूर वाचता येईल. मग त्या टंकासाठीचा परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा. एक परिच्छेद आधी करून बघा, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा.

‘दुसऱ्या’साठी वेगळा र आहे, खाली नुक्ता असलेला: ऱ. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबल्यावर येतो. पुढे ‘D’ची कळ म्हणजे हलन्त, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा य, मग ‘E’ची कळ म्हणजे काना. झालं ‘ऱ्या’. साधा र घेतलात तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आयबसमध्ये (लिनक्समधल्या कळफलक निवडायच्या साधनात) मराठी इन्स्क्रिप्ट निवडून दहा वेळा टाइप करा, बोटांत बसेल.

एखाद्या फाइलीत ‘ॲ’च्या जागी चौकट दिसली तर टंक जुना आहे. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या टंकांत ते नाही. नोटो सान्स देवनागरी टाका. आणि लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. ती हिंदी राहिली असेल तर शुद्धलेखन तपासनीस तुमच्या बरोबर शब्दांखालीही लाल रेघ मारत सुटेल.

मागच्या अंकातल्या पत्राचं पुढे काय झालं

लिनक्स टाकल्यापासून मशीन कधीही गोठतं, असं एका वाचकाने लिहिलं होतं. घरच्यांनी दोष लिनक्सला दिला होता. एकच मोठी फाइल दोनदा नक्कल केली तर दोन्हींची बेरीज-खूण (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) वेगळी येते, अशी एक ओळ त्यांच्या पत्रात होती. तिथेच मला रॅमचा संशय आला. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा, असं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे: पहाटेपर्यंत पडदा लाल ओळींनी भरला होता. मग त्यांनी एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. एक स्वच्छ निघाली, एक खराब. खराब काढल्यापासून नऊ दिवस मशीन गोठलेलं नाही.

तुम्ही वहीत तारखा लिहून पाठवल्यात, त्याबद्दल आभार. आता एक काम राहिलं आहे. ती पट्टी आत असताना जे जे लिहिलं गेलं, ते रॅममधूनच डिस्कवर गेलंय. लिनक्स नव्याने टाका. त्या काळात घेतलेल्या नकला भरवशाच्या धरू नका. कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ फोटो अजून असतील तर ते पुन्हा उतरवून घ्या, आणि एकेक उघडून बघेपर्यंत कार्ड पुसू नका.